आपण सोडून

सोमवार, ३ फेब्रुवारी

चिमटे,

फासे एकवीस. चौदा लाकडाचे, सात पितळेचे. प्रत्येक फासा सहाशे वेळा टाकून पाहिला, आकडे मांडले, आणि जो एका बाजूला झुकला तो मोडीत काढला. नकाशे नऊ, जाड कापडावर. नियमांची कार्डं एकशे चार, तळहाताएवढी, आणि एकाही कार्डावर नियमाचं वाक्य दोन ओळींच्या पुढे गेलेलं नाही. पुतळ्या त्रेसष्ट, त्यांतली सगळ्यात लहान माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी, आणि तिच्या हातातला कंदील सुटा निघतो. वाळूचं घड्याळ एक, चार मिनिटं दहा सेकंदांचं. चारचंच करायचं होतं, वाळू जरा जाड निघाली, तेव्हा वाळू न बदलता नियम बदलला. टेबल एक, बारा कोनांचं. कुठल्याही कोनाशी पाण्याची वाटी भरून ठेव, पाणी एका बाजूला चढणार नाही. हे सगळं मी ह्या दोन हातांनी केलं. शाळा नववीत सुटली. जुन्या बाजारात ते खोकं मिळालं तेव्हा आत चार फासे आणि दोन पुतळे होते, नियमांचं पुस्तक नव्हतंच. झाकणावरचं चित्र बघून मी अख्खा खेळ रचला. तराजू-काटे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाने.

यादी तुला तोंडपाठ आहे. तरी लिहिली, कारण ती आता एका कागदावर जाणार आहे आणि त्या कागदाला तुझी सही लागणार आहे.

खुशाली विचारत नाही. तीन वर्षं तूही विचारलेली नाहीस.

झालं असं की आपल्या शिंप्याकडे एक टायवाला कोट शिवायला आला. पत्ते आणि घरात बसून खेळायचे खेळ छापणाऱ्या कंपनीतला. शिंप्याने छातीचं माप घेता घेता आपल्या खेळाची गोष्ट काढली. कोट दीड इंच आखूड झाला, पण टायवाला माझ्या दुकानात आला, दोन तास बसला, आणि आता कंपनीला ‘अकरा दारं’ हवा आहे. कायमचा, सगळ्या हक्कांसकट. त्यांनी वर्णन मागितलं. मी दिलेलं असं, काही सुटलं असेल तर कळव:

‘खेळाडू तीन ते सहा. प्रत्येक जण एका कल्पित देशातलं एक माणूस होतो, कुणी पहिलवान, कुणी मांत्रिक, कुणी वाटाड्या, आणि मी आता अमुक करतो असं तोंडाने सांगतो. ते जमलं की नाही हे फासे सांगतात. कसं मोजायचं हे नियम सांगतात. नियमाचे दोन अर्थ निघाले तर खरा कुठला हे सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, सांगतो, आणि त्याचा शब्द शेवटचा.’

सूत्रधार म्हणजे मी, हे लिहिलं नाही.

अडचण एकच. शिंप्याने बडबडीच्या भरात सांगून टाकलं की खेळात माझ्या धाकट्या बहिणीचाही हात होता. आता त्यांना तुझ्याकडून लिहून हवं आहे की ह्या खेळावर तुझा काही हक्क नाही. पंधरा मार्चच्या आत.

तू केलेलं मी नाकारत नाही. पुतळ्यांचं प्लास्टर तू तुझ्या कवळ्यांच्या कारखान्यातून आणायचीस. साचा कसा ओतायचा तेही तूच दाखवलंस. नऊ वर्षं टेबलाशी बसलीस. पण खेळणं वेगळं आणि करणं वेगळं.

आणि त्या रविवारबद्दल एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. तुझी खार, नऊ वर्षं जिच्या तोंडून तू बोललीस ती वाटाडी, दगड झाली ती माझ्यामुळे नव्हे. कलम एकेचाळीसमुळे झाली. त्यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकावं असं त्यात काही नव्हतं.

कागद सोबत आहे. फुली मारली आहे तिथे सही कर.

आशीर्वाद मागितले नाहीस तरी आहेत.

दादा


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चिमटे,

पाकीट आलं. वरचं अक्षर दिसलं तेव्हा माझ्या हातात किराणावाल्याचा काटा होता. तो विचारतोय, ‘शून्यावर आला का हो?’ मी म्हटलं, ‘आला, आला.’ बघितलंही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी न बघता शून्य सांगितलं. (संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन तपासून आलो. साडेतीन ग्रॅमनी खोटं बोललो होतो.)

सही नाही. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने एक ओळ: ‘कलम एकेचाळीस कोणी लिहिलं ते आधी सांग.’

तीन वर्षांनी एक ओळ, तीही खोडता येईल अशी. राग यायला हवा होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, स्टुलावर बसलो, आणि काय सांगू, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. भांडायला तरी तू आहेस. तुझ्या वहिनीला कागद दाखवला. ती म्हणाली, ‘सही मागितलीत आणि प्रश्न मिळाला. स्वस्तात सुटलात. जेवून घ्या.’

उत्तर: मी लिहिलं. एकशे चारच्या एकशे चार मी लिहिली.

आणि तू विषय काढलाच आहेस तर पुरता काढू. कलम एकेचाळीस, अक्षरन् अक्षर: ‘सातव्या दाराची मोहोर फोडणारा आपण सोडून रिंगणातल्या सगळ्यांना दगड करतो.’ पाठीमागे: ‘दगड झालेला परत येत नाही.’ त्या रविवारी रिंगणात शत्रूचे चौदा होते आणि तुम्ही तिघं. शिंप्याचा पहिलवान, वहिनीची मांत्रिक, तुझी खार. मोहोर पहिलवानाने फोडली. तू दोन्ही हात वर करून ओरडलीस, ‘चौदाच्या चौदा दगड! चला आठव्या दाराला!’

मी म्हणालो, ‘सोळा.’

‘सोळा कसे?’

‘चौदा ते, वहिनी आणि तू.’

‘आपण सोडून लिहिलंय, दादा.’

‘आपण म्हणजे फोडणारा. स्वतः.’

‘आपण म्हणजे आपण! ही टोळी. आपण नाही का म्हणत, आपण जाऊ, आपण खाऊ?’

मी तुला कलम बारा काढून दाखवलं: ‘आपण केलेला वार आपणच मोजावा.’ तिथे आपण म्हणजे स्वतःच. दुसरा अर्थ निघतच नाही. तर तू कलम तीन काढलंस: ‘अंधार झाला की आपण चालत नाही, मुक्काम करतो.’ आणि म्हणालीस, ‘इथे काय तू एकटाच मुक्काम करतोस? बाकीचे चालत सुटतात?’

ह्यावर शिंप्याने खोक्याचं झाकण उचललं आणि त्यावर छापलेली ओळ वाचली. ‘काटेवाले, भांडता कशाला, हे बघा की. आपण हा खेळ हाती घेतलात, आभारी आहोत. इथे आपण म्हणजे तुम्ही, मानाने. म्हणजे कलम काय म्हणतंय, तुम्ही सोडून सगळे दगड! बसा आता एकटे फासे खुळखुळवत.’

सगळे हसले. तूही हसलीस. मला हसू आलं नाही. एकाच खेळात तीन आपण निघाले होते, आणि ज्याचा धंदा काटे सरळ करण्याचा आहे त्याच्या समोर. मी म्हणालो, ‘नियम मी लिहिलाय. माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक.’ खार उचलली आणि दगडांच्या डब्यात टाकली.

वहिनीची मांत्रिकही गेली, ती काही पायताण घालून निघून गेली नाही. पाणी प्यायली आणि दुसरी मांत्रिक होऊन आली. तुलाही नवं माणूस घेता आलं असतं. तू खारीच्या हातातला कंदील तेवढा उचललास, टेबलावर माझ्या समोर ठेवलास आणि गेलीस.

कंपनीलाही पहिली हस्तलिखितं बघायची आहेत. मूळ वही शोधतो आहे, निळ्या पुठ्ठ्याची. सापडली की एकेचाळीसचं पान पाठवतो, माझ्या अक्षरातलं. मग तरी सही कर.

दादा


रविवार, २३ फेब्रुवारी

चिमटे,

वही सापडली.

कपाटं पाहिली, माळा पाहिला, जुन्या वजनांची पेटी उपसली. शेवटी तुझ्या वहिनीला दिसली. दुकानात पोती तोलायचा मोठा काटा आहे ना, त्याच्या मागच्या डाव्या पायाखाली. फरशी खचली होती तेव्हा उंची जुळवायला मीच सरकवली असणार. वहीची जाडी बरोबर अकरा मिलिमीटर, दुसरं काही तेवढं नेमकं नव्हतं. वहिनी वाकून म्हणाली, ‘अहो, इथे खाली काहीतरी दाबून ठेवलंय. तुमची अक्कल तर नव्हे?’

चिमटे, कलम एक ते सदतीस माझ्या अक्षरात आहेत. अडतीस ते चव्वेचाळीस तुझ्या.

मी पानं पुढे-मागे केली. वाटलं, कुठेतरी चुकून चिकटली असतील. नाही. एकच वही, एकच शिवण, मधली चार पानं तुझी. मग आठवलं. पितळ घासताना डोळ्यात कीस उडाला होता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, तीन आठवडे. मी आतल्या खोलीत पडून होतो आणि बाहेर तुमचा खेळ थांबला नव्हता. तूच चालवत होतीस. सातव्या दाराला नियमच नव्हते, मी तिथवर पोचलो नव्हतो, आणि शिंपी ऐकेना, म्हणून तू बसून लिहिलेस. मला हसण्याचे आवाज यायचे. मी तुला म्हणालोही होतो, उजेडात लिही गं, अक्षर बिघडतं. हे सगळं मी विसरलो होतो. लपवलं नव्हतं, चिमटे. विसरलो होतो. ह्यातलं जास्त वाईट काय ते तू ठरव.

आता एकेचाळीस. तुझ्या अक्षरात असं आहे: ‘सातव्या दाराची मोहोर फोडणारा आपण सगळे सोडून रिंगणातल्या सगळ्यांना दगड करतो.’

आपण सगळे.

पहिल्या ‘सगळे’वर तांबडी रेघ आहे. फूटपट्टी लावून मारलेली, कुठे हललेली नाही. समासात माझ्या अक्षरात एक शब्द: ‘द्विरुक्ती’.

डोळे बरे झाल्यावर मी तुझी पानं तपासायला घेतली होती. एका वाक्यात दोनदा सगळे, मला खपलं नाही. शिवाय कार्डावर वाक्य तिसऱ्या ओळीत उतरत होतं आणि माझं एकही कार्ड तिसऱ्या ओळीत उतरलेलं नव्हतं. म्हणून छाटला. तुझी खार ज्या शब्दावर उभी होती तो शब्द मी मापात बसेना म्हणून काढला, कार्ड स्वच्छ उतरवलं, तुझी पानं विसरलो, आणि चार वर्षांनी तुला सांगितलं की माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक. माझ्या मनात काय असणार? दोन ओळी होत्या.

वही मिटली आणि मी हसायला लागलो. वहिनी घाबरली. लाज वाटली, ती वाटायचीच, अजून वाटते आहे. पण तिच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. तीन वर्षं मी रोज कुणाशी तरी मनातल्या मनात हा खटला लढतो आहे. काटा उघडला की लढतो, दाढी करताना लढतो, आणि प्रत्येक वेळी जिंकतो. जिंकून जिंकून दमलो होतो गं. काल हरलो आणि दुपारी दोन तास गाढ झोपलो.

सूत्रधाराचा निर्णय, शेवटचा: कलम एकेचाळीस ज्याने लिहिलं त्याच्या मनात काय होतं ते त्याने लिहूनच ठेवलेलं आहे. खार दगड झालेली नाही. झालीच नव्हती. वहिनीची जुनी मांत्रिकही नाही; ती म्हणते, ‘बरं झालं, तिच्याकडे चांगली काठी होती.’

नवं कार्ड केलं. तीन ओळींचं झालं आहे. यादीतही दुरुस्ती केली: नियम सत्त्याण्णव माझे, सात तुझे.

दादा


सोमवार, २४ फेब्रुवारी

चिमटे,

काल लिहिलं ते बरोबर आहे, पुरतं नाही. पाकीट टाकून आल्यापासून काटा हलतोच आहे, स्थिर होत नाही. म्हणून हे दुसरं.

त्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी तू स्वयंपाकघरात पेले विसळत होतीस. मी फासे घ्यायला आत आलो. तू पाठमोरीच म्हणालीस, ‘दादा, परगावच्या त्या मोठ्या कारखान्यात मला घेतलंय. पुढच्या महिन्यात जायचं.’ मी म्हणालो, ‘बरं.’ मग म्हणालो, ‘पितळेचे फासे कुठे ठेवलेस?’

एवढंच. बरं आणि फासे.

तासाभराने मोहोर फुटली. कलम मी मोठ्याने वाचलं आणि वाचतानाच मला दोन्ही अर्थ दिसले. तू म्हणायच्या आधी दिसले. दोन अर्थ असले की निर्णय सूत्रधाराचा, हा नियम माझा, खरोखर माझा. मला खार वाचवता येत होती. काही बिघडत नव्हतं. पण मला वाटलं, ही पुढच्या महिन्यात जाणार, टेबलाशी एक कोन रिकामा राहणार, शिंपी दर रविवारी विचारणार, तुमच्या धाकट्या कुठे. त्यापेक्षा तू गेलीस असं नको, मी काढली असं होऊ दे.

हे तेव्हा असं शब्दांत नव्हतं. हात गेला आणि खार डब्यात पडली. शब्द आज सापडले.

वहिनीला सांगितलं. ती पोळपाट धूत होती, धूतच राहिली. म्हणाली, ‘हे मला त्याच दिवशी कळलंय. तुम्ही बरं म्हणालात ना, तेव्हाच.’

‘मग तीन वर्षं बोलली का नाहीस?’

‘तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मला फक्त व्याकरण विचारायचात.’

मी पाठवलेला तो कागद फाडून टाक. सही करू नकोस. उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही. पाठवलंस तर पेन्सिल चालेल.

दादा


मंगळवार, ११ मार्च

चिमटे,

चार पानं! आणि शाईने!

सात वेळा वाचलं. शिंप्याला दुसरं आणि तिसरं पान वाचून दाखवलं, चौथं नाही. त्याने कात्री खाली ठेवून ऐकलं आणि मग म्हणाला, ‘काटेवाले, म्हणजे माझ्या पहिलवानाने त्या बिचारीला मारलं नव्हतं तर! तीन वर्षं मला वाटतंय मी फोडली मोहोर म्हणून गेली.’ त्याला हे वाटत होतं हे मला माहीतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने टेपने पुसलं.

तू लिहिलंस, ‘ते वाक्य माझं आहे हे मला त्याच क्षणी आठवलं होतं. मी सांगितलं असतं तर तू वही काढून, चष्मा लावून मान्यही केलं असतंस. पण मला तुझी मान्यता नको होती. मला ते तू स्वतःहून शोधायला हवं होतं.’ पोरी, अकरा मिलिमीटरची वही आणि तीन वर्षं! मी जरा आधी फरशी बसवून घेतली असती तर? मी इकडे कलमं मोजत बसलो होतो आणि तू वाट बघत होतीस. दोघंही एकाच आईची, हे मात्र खरं.

आणि तुझ्याकडे खेळ चालू आहे! ही बातमी तू तिसऱ्या पानाच्या तळाला, जाता जाता लिहावीस? कवळ्यांच्या कारखान्यातले पाच जण, दर बुधवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर उरलेल्या टेबलावर. फासे कवळीच्या दातांचे, पुतळ्या हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याच्या. खारही गुलाबी. मला आधी शहारे आले, खोटं कशाला बोलू. दाढेच्या फाशाची बाजू समान कशी येणार? किती वेळा टाकून पाहिलेस? तू पुढे लिहिलंयस, ‘विचारू नकोस, कुणी मोजलेलं नाही.’ नाही विचारत.

म्हणजे मी तिला डब्यात टाकून झाकण लावलं तेव्हापासून ती तिकडे चालतेच आहे. मी इकडे दगड धरून बसलो होतो. वहिनीने हे ऐकलं आणि स्वयंपाकघरातून ओरडली, ‘मग इतके दिवस दुखवटा कुणाचा पाळत होतो आपण?’ (हा आपण सगळ्यांना धरून. विचारून घेतलं.)

तू निर्णय मागितला आहेस. मागितलास ह्यातच माझं सगळं आलं, पण निर्णयही देतो, नीट देतो. तुमचा भट्टीवाला बुधवारी उशिरा आला, त्याच्या आधीच मोहोर फुटली होती, त्याचा पुतळा रिंगणात होता पण तो स्वतः टेबलाशी नव्हता. तर ‘आपण सगळे’मध्ये त्याला धरायचं की तो दगड? तुझं म्हणणं धरायचं. बाकीच्यांचं म्हणणं, जो हजर नाही तो आपण कसा.

मी शनिवार-रविवार ह्यावर बसलो. कलम तीन, बारा, एकवीस आणि अठ्ठ्याऐंशी वाचली. निर्णय: धरायचा. ज्याची खुर्ची मांडलेली आहे तो आपण. आला असो, यायचा असो, गेलेला असो. खुर्ची उचलल्याशिवाय माणूस आपणातून जात नाही, आणि खुर्ची एकट्या सूत्रधाराला उचलता येत नाही.

हा निर्णय माझा, पण कलम तुझं. पटलं नाही तर खोड. फूटपट्टी लावायची गरज नाही.

रविवारी चार वाजता ‘फोन करतो’ असं लिहिलं आहेस, की ‘करते’? तुझ्या अक्षरातला ‘ते’ अजून तसाच, ‘तो’सारखा आहे. इथे सगळे तयार आहेत. आठवं दार तीन वर्षं बंद आहे, कारण तू उठलीस त्यानंतर मी एकही रविवार खेळ लावलेला नाही. हे मी आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

दादा


सोमवार, १७ मार्च

चिमटे,

काल फोन ठेवल्यावर शिंपी अर्धा तास टेबलाशीच बसून होता. म्हणाला, ‘धाकट्या फोनमधून जास्त आगाऊ झाल्यात.’ फोन वाटीत उभा करून ठेवण्याची कल्पना वहिनीची. त्यातून तुझा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता, आणि तू ‘मी दाराला कान लावते’ म्हणालीस तेव्हा आम्ही तिघंही पुढे वाकलो. तुझे फासे मीच टाकले. तुला एक आला तो खराच एक होता, शिंप्याने पाहिला आहे. आठवं दार आपल्याला उघडलं नाही, आणि मला इतकं बरं पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

टायवाल्याचं काय झालं ते तुला थोडक्यात सांगितलं, आता सविस्तर.

तो शनिवारी आला, आखूड कोट घालून, करारपत्र घेऊन. मी वही पुढे ठेवली, तुझी पानं दाखवली, म्हटलं नावं दोन घाला. तो समजुतीने हसला. म्हणाला, ‘अहो, एकच नाव ठेवा. नववी शिकलेला माणूस, कुणाची मदत नाही, सगळं स्वतःच्या हातांनी. खोक्यावर तुमचा फोटो टाकणार आहोत आम्ही. बहिणीला आत कुठेतरी आभारांत घेऊ.’ चिमटे, फोटोचा नमुना त्याने आणला होता. मी हातात काटा धरून उभा. खाली छापलेलं: ‘एकट्याने घडवलेलं विश्व’. महिन्यापूर्वी आला असता तर मी तो फोटो दुकानात लावला असता. नाही म्हणणार नाही, परवाही दोन वेळा बघितला.

मग त्याने कार्डं काढली. छापून आणलेली, गुळगुळीत, कोपरे गोल. ‘भाषेत थोडी संदिग्धता होती, ती आमच्या लोकांनी काढली.’ मी एकेचाळीस मागितलं. ‘मोहोर फोडणारा खेळाडू वगळता रिंगणातील सर्व खेळाडू बाद.’ मी तीन मागितलं. ‘अंधारात खेळाडूने थांबावे.’ बारा, एकवीस, अठ्ठ्याऐंशी. सगळीकडे खेळाडू. कुठेही दोन अर्थ निघत नाहीत. काम चोख केलं होतं, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी जन्मभर जे करतो तेच त्यांनी केलं होतं.

मी विचारलं, ‘ह्यात आपण कुठे आहे?’

तो म्हणाला, ‘आपण? आपण म्हणजे झाकणावर, फोटोत.’

वहिनी दाराशी उभी होती. तिने तोंडाला पदर नव्हे, हातातलं फडकं लावलं आणि आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

करारात नववं कलम होतं. कुठल्याही नियमाचा अर्थ काय, हे ह्यापुढे फक्त कंपनी ठरवणार. आणि हाताने केलेल्या प्रती जिथे कुठे चालू असतील तिथल्या बंद करायच्या. मी विचारलं, कवळीच्या दातांचे फासे असले तर? त्याला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणाला, ‘कशाचेही असोत.’

मी त्याला चहा पाजला. कोटाच्या बाह्या सोडून घ्यायला शिंप्याकडे परत जा म्हणून सांगितलं, आत अजून दोन इंच कापड आहे. कागद त्याचा त्याला दिला. जाताना त्याने दारातून पुन्हा विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, नक्की. तो गेल्यावर टेबल पुसलं. तुझ्या कोनाशी खुर्ची लावली.

काल फोनवर तू दोनदा विचारलंस, ‘दादा, पण देत किती होते?’ आणि मी दोन्ही वेळा फासे वाजवले. शिंपी समोर होता. त्याला आकडा कळला असता तर आजपर्यंत अख्ख्या बाजाराला कळला असता, आणि वहिनीला तर मी अजून सांगितलेलाच नाही. तुला सांगतो. मी नको म्हणालो ते ह्याला: ‘अकरा दारं’ कायमचा कंपनीचा, कर्ता म्हणून नाव माझं एकट्याचं, प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवायचा हक्क त्यांचा, आणि त्याबद्दल मला, एकरकमी, चार लाख ऐंशी हजार.